चक्की चालू करायच्या आधी

मोरूभाऊ,

देवरावजी अजून थांबतात. खाली चक्कीत गव्हाचा डबा ओतला, पट्टा सारखा केला, की बटणावर हात ठेवून ते वर तोंड करतात आणि विचारतात, "करू का जी चालू?" वर उत्तर द्यायला तू नाहीस हे त्यांना माहीत आहे. तुझ्या तेरवीच्या पंगतीत भात वाढायला तेच होते. पण सवय. ते जरा थांबतात, खाकरतात आणि मग बटण दाबतात. वर वाचनालयातला बल्ब पिवळा पडतो, खिडकीच्या गजांवर पीठ बसू लागतं, आणि मी टेबलापाशी बसून असते. आपलं कॉम्प्युटरचं मशीन बंदच असतं. चक्की चालू झाली तरी आता कशाचंही नुकसान होत नाही. हेच मला सहन होत नाही.

मी थकले आहे. रडून नव्हे, लोकांना तू कसा होतास ते सांगून. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, मोरेश्वर फार भला माणूस. मी मान हलवते. तू भला होतास की नाही ते मला नीट सांगता येणार नाही. तू हट्टी होतास, हळू होतास आणि वादात आवाज चढवायचा नाहीस, त्यामुळे तुझ्याशी भांडताना मीच वेडी दिसायचे. शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. 'झुंजार साथी', 'न भरून येणारी पोकळी' हे शब्द मला तोंडपाठ आहेत. कितीतरी माणसांना मी ते लिहून निरोप दिला आहे. तुझ्यासाठी ते उचलले आणि परत ठेवून दिले.

तू पहिल्यांदा वर आलास तेव्हा चपला खाली जिन्यापाशी काढल्या होत्यास. तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत चपला काढून जायची पद्धत. आमच्याकडे पीठ, कबुतरं आणि पत्रकांचे गठ्ठे. मी म्हटलं, "इथं कशाला काढता? इथं तर पायच मळतील."

तू म्हणालास, "वर मशीन आहे ना. मशीनले काय माहीत, ऑफिस आहे का चक्की."

एका वकीलसाहेबांनी नवं मशीन घेतलं म्हणून त्यांचं जुनं वाचनालयाच्या वाट्याला आलं होतं, आणि ते आल्यापासून मी त्याच्यावर चादर घालून ठेवलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं. मला त्याच्याकडून मराठीच हवं होतं.

कारण होता बबनराव. महाल भागातला लग्नपत्रिका छापणारा. आपल्या हातमागवाल्यांचं सुतासाठी आंदोलन चाललं होतं, आणि पत्रक त्याच्या ट्रेडल छापयंत्रावर छापायचं ठरलं होतं. एक पोलीस त्याच्या दुकानात येऊन नुसता उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी बबनरावानं माझा मजकूर मला परत दिला. "ताई, मले लेकरंबाळं आहेत. पत्रिका द्या, केव्हाही छापून देतो. हे नको." मी त्या दिवशी त्याच्या दुकानात उभी राहून जे बोलले ते गल्लीनं ऐकलं. आणि ठरवलं की नाही म्हणायला कोणी मधे नसेल असं काहीतरी आपल्या हातात पाहिजे.

खळीवरून आपली ओळख वाढली, आठवतं का? तुमच्या उमरेडच्या घरी खळ शिजायची ती मागावरच्या उभ्या धाग्यांना, ताण्याला, आमच्या घरी शिजायची ती भिंतीवर पत्रकं चिकटवायला. बाबा गिरणीतून आले की आई मैद्याची खळ करायची आणि मी कागद धरायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'कामगार बंधूंनो' ही मी स्वतःहून वाचलेली पहिली ओळ. शाळेचं पुस्तक नंतर. हे तुला सांगितलं तेव्हा तू बराच वेळ हसत राहिलास. "म्हणून तू बोलून राहिली की वाटते, कोणी भिंतीवर चिकटवून राहिलं." त्या दिवसापासून मी तुला 'तुम्ही' म्हणणं सोडलं.

ऑफिसनं तुला दक्षिणेत प्रशिक्षणाला पाठवलं तेव्हा तू आमच्यासाठी काही आणशील असं मला वाटलं नव्हतं. आलास तो वळकटीत एक गठ्ठा घेऊन. एकाला एक जोडलेले, कडेला भोकं असलेले लांबच लांब कागद. तिथल्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यानं देवनागरी लिहायचा प्रोग्राम केला होता आणि तो मागेल त्याला देत होता. नुसता चालवायला नाही, आतला सगळा मजकूर उघडा करून देत होता. तो मोठ्या टेपवर देत असे, पण ती टेप वाचणारं मशीन आपल्याला कोण देणार? म्हणून तू त्याच्याकडून सगळं कागदावर छापून आणलंस. "आपण टायपू," तू म्हणालास. जणू एखादा अर्ज टायपायचा होता.

पहिल्या पानावर त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. त्याचं मराठी तू मला करायला लावलंस. 'हे घ्या. वापरा. हवं तिथे बदला. दुसऱ्याला द्या. ज्याला द्याल त्याच्यापासून आतलं काही लपवू नका.' मला वाटलं होतं हे सगळं फक्त आमच्या पत्रकांतच असतं. मी ते पान उभं राहून मोठ्यानं वाचलं. तू म्हणालास, "आता बस. दुसरं पान घे."

आणि तिथेच आपण ती चूक केली. पत्रकांवर वाढलेली माणसंच अशी चूक करू शकतात. प्रोग्रामचं एक पानही टाईप झालेलं नव्हतं, आणि मी स्टेन्सिल कापून पत्रक काढलं: 'संगणकावर मराठी. सर्वांसाठी. मोफत.' तूही मागून आणलेल्या सायक्लोस्टाइलचं चक्र फिरवून छापायला बसलास, नाही म्हणू नकोस. रविवारी जिन्यावर रांग लागली. एक बाई रेशनकार्डाचा अर्ज घेऊन आल्या होत्या. आपल्या काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका उघडझाप करत होता, त्यापलीकडे काही नव्हतं. बाईंनी तो ठिपका नीट पाहिला आणि विचारलं, "हे मराठी आहे का?" तू शाईपेन काढलंस आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे अर्ज हातानं लिहून दिलेस.

मग टायपिंग. मी टायपिंगच्या क्लासला शिकवायचे, म्हणून कीबोर्ड माझ्याकडे. वाचायचं काम तुझ्याकडे. संध्याकाळी तू ऑफिसातून यायचास, चपला काढायचास, कागदाच्या घडीवर फूटपट्टी ठेवायचास आणि सुरू. "कंस उघड. कंस बंद. महिरप उघड. अर्धविराम." महिनेच्या महिने मी तुझ्या तोंडून जेवढे कंस ऐकले तेवढं दुसरं काही ऐकलं नसेल. मधेच आवाज तसाच ठेवून काहीही बोलायची तुझी खोड. "कंस उघड, चहा थंड होऊन राहिला, कंस बंद." एकदा मी ते टाईप केलं. पुढे मशीन त्या ओळीवर अडलं आणि म्हणालं, चहा म्हणजे काय ते मला माहीत नाही. तू पोट धरून हसलास. "बिचारं," म्हणालास.

चक्कीनं पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळची सगळी मेहनत खाल्ली. खाली मोटर फिरली, वर व्होल्टेज उतरलं, मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं आणि आपण टाईप केलेलं सगळं गेलं. मी देवरावजींशी भांडायला निघाले होते; पीठ महत्त्वाचं की जनतेचं काम, असं काहीतरी माझ्या जिभेवर तयार होतं. तू माझ्याआधी उतरलास आणि त्यांच्यासोबत बिडी ओढून वर आलास. तेव्हापासून ते विचारायचे, "करू का जी चालू?" आणि तू वरून ओरडायचास, "थांबा जी, सेव्ह करून राहिलो." मग फ्लॉपी कुरकुरायची, आणि तू म्हणायचास, "हं, करा." दळण घेऊन आलेल्या बायकाही सेव्ह म्हणजे काय ते शिकल्या. "मोरूभाऊचं झालं का वं सेव्ह?" असं एकमेकींना विचारायच्या.

सगळा गठ्ठा टाईप झाला आणि प्रोग्राम चालला नाही. मला रडू आलं. तो युनिक्स नावाच्या प्रणालीवर राहायला लिहिलेला होता, आपल्या मशीनवर होती दुसरी, डॉस. मी विचारलं, इतकं सगळं अक्षर न अक्षर बरोबर असून काहून चालत नाही. माझ्या तोंडून 'काहून' निघालं म्हणून तू आधी खूश झालास, मग समजावलंस.

"एका गावची पोरगी दुसऱ्या गावी दिली. ती विचारते विहीर कुठं आहे. इथं विहीर नाही, नळ आहे. पाणी तेच आहे ना बाप्पा. पण तिले कोणी सांगाले पाहिजे."

"मग सगळीकडे विहीर खोडून नळ लिहू."

"किती जागी लिहिशील? आणि उद्या तिसऱ्या गावी न्यायचं झालं तर?"

त्याचं उत्तर देण्यासाठी तू मला उमरेडला घेऊन गेलास. तुझ्या आईच्या मागावर त्या दिवशी नवा ताणा जोडायचा होता. फणीत जुन्या ताण्याचं शेवटचं वीतभर टोक तसंच ठेवलेलं होतं, आणि नव्याचा एकेक धागा त्या जुन्याच्या एकेका धाग्याला बांधायचा होता. सगळे बांधून झाले की जुन्याला ओढायचं, नवा आपोआप फणीतून पार येतो. "फणी पुन्हा भरत बसायचं काम नाही," तू म्हणालास. "जुन्या नावांचं टोक तसंच ठेवू. त्याले एक एक करून इथलं काम बांधू." तुझ्या आईनं मला बोलावलं, "ये वं नलू, बस. पण हात धुऊन ये, धागा मळते." मी बसले. माझ्या गाठी ती हळूच सोडून पुन्हा बांधत होती आणि मला कळू देत नव्हती.

तेवढ्यात शेजारची अनसूयाबाई आली. तिचं आणि तुझ्या आईचं मधल्या भिंतीवरून भांडण होतं. कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं. ती आली, मागाच्या दुसऱ्या बाजूला बसली, दुपारभर गाठी मारल्या, चहा प्याली, पदराला हात पुसले आणि गेली. एक अक्षर बोलली नाही. तुझी आईही नाही.

येताना एस.टी.त तू म्हणालास, "पाहिलं? ताणा जोडाले बोलावलं की यायचं. भांडण आपल्या जागी राहते."

मी म्हटलं, "त्या दोघीही विणकर आहेत. व्यापारी आला असता का गाठी मारायला?"

"आला असता तर बसवला असता."

तो वाद तिथे सुरू झाला, मोरूभाऊ. तो संपला नाही.

त्यानंतर तू ती मधली जोडणी लिहिलीस. प्रोग्राम जुन्या नावानं हाक मारायचा, तुझं पान ती ऐकायचं आणि इथल्या मशीनकडून काम करून घ्यायचं. पडद्याची एक गाठ, कीबोर्डची एक गाठ, प्रिंटरची गाठ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाईट. पडद्यावर पहिलं मराठी अक्षर उमटलं तेव्हा मी किंचाळले, आणि देवरावजी चक्की बंद करून पिठाच्या हातांनी वर पळत आले. प्रिंटरवर मात्र प्रत्येक ओळीच्या वरच्या मात्रा कापल्या जायच्या. आंदोलनाचं पत्रक अगदी डोक्यावरचं पागोटं उडाल्यासारखं दिसायचं. ते दुरुस्त करायला तुला पावसाळा गेला. मग आपला चार पानांचा अंक निघाला. मी तो उमरेडला तुझ्या आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कापडाची वीण तपासावी तसं कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सारखं आलं."

प्रोग्रामच्या त्या पहिल्या पानावर त्या दूरच्या विद्यार्थ्याचं नाव होतं. ते मला काढायचं होतं. पत्रकाखाली माणसाचं नाव नसतं. बाबांनी मला हेच शिकवलं. नाव आलं की मिरवणं आलं. तू म्हणालास, "ज्यानं ताणा दिला त्याचं नाव राहू दे." बरं, राहू दिलं. मग मी विचारलं, तुझं? तू हात झटकलास. "मी कायचं? मी गाठी मारल्या." मला ते फार आवडलं. मी म्हटलं, याला म्हणतात शिस्त. तुझं नाव कुठेही आलं नाही.

आणि ती ओळ. त्या पानाच्या मराठीत मी शेवटी एक ओळ जोडली होती: 'आणि हे विकू नका.' तू मूळ पान समोर धरलंस. "असं कुठं लिहिलं आहे?"

"लिहिलं नाही. पण अर्थ तोच होतो."

"तुले व्हावासा वाटते. जे त्यानं लिहिलं नाही ते त्याच्या तोंडी टाकू नको."

"उद्या बबनरावासारखा कोणी येईल. ज्यानं आपल्याला नाही म्हटलं तोच आपलं घेऊन त्याच्यावर पत्रिका छापेल आणि विकेल. हे तुला चालेल?"

"मागितलं तर देईन. घेणाऱ्यानं लपवलं नाही म्हणजे झालं."

तू ती ओळ काढलीस. दुसऱ्या दिवशी मी घातली. तू काढलीस. पुढे आपण त्याबद्दल बोलणंच बंद केलं. चहा पिताना तिसऱ्याच विषयावर बोलायचो, आणि ती ओळ येत-जात राहायची. तुझी मात्र एक अट होती. ज्याला प्रोग्राम पाहिजे त्यानं ते पहिलं पान स्वतःच्या हातानं टाईप करायचं, मगच बाकीचं फ्लॉपीवर मिळेल. पहिल्या गाठी ज्याच्या त्यानं मारायच्या. सावनेरचे मास्तर आले होते त्यांच्या शाळेसाठी; त्यांनी चष्मा दोनदा पुसून सगळं पान टाईप केलं. मला तो पोरखेळ वाटायचा. मास्तर जाताना जिन्यावरून ते पान तोंडपाठ म्हणत उतरले होते, ते मी ऐकलं होतं.

दवाखान्यात तुझे डोळे पिवळे झाले होते. मी आत आले तसा तू म्हणालास, "काय वं, देवरावजीनं चक्की चालू केली वाटते. व्होल्टेज उतरलं." मी हसले. हसायला नको होतं असं आता वाटतं, पण तुला तेच हवं होतं. मग तू उशीवर मान फिरवलीस आणि सुरुवात केलीस, "नलू, ते बबनचं..." मला वाटलं, इथेही तोच वाद. मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "आधी बरा हो. मग भांडू." तू माझ्याकडे बघितलंस. "बरं," म्हणालास. बस. तुझं माझं शेवटचं बोलणं एवढंच आहे, आणि त्यात माझ्याच वाट्याला जास्त शब्द आले.

काल बबनराव आला.

तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, आणि त्यानं चपला खाली काढून ठेवल्या होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरी फ्लॉपी. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मोरूभाऊनं मले म्हटलं होतं, पत्रिकांचा सीझन लागायच्या आधी बसू म्हणून."

"कधी म्हटलं?"

"दुकानावर आला होता. अंगात ताप होता त्याच्या. मी म्हटलं, ताई देऊ देतील का? तर म्हणे, नलूले मी सांगतो."

मी तुझ्यावर चिडले, मोरूभाऊ. सांगितलं नाहीस. मग आठवलं की सांगत होतास. गेलेल्या माणसावर चिडणं फार दमवतं. आपलाच आवाज परत येतो आणि त्याच्याशीही भांडावं लागतं.

बबनराव बसला नाही. त्याचा अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी गाव सोडून गेला, खिळे झिजले, पत्रिकेत नवरीचं नाव नीट उमटत नाही, असं सांगत राहिला. त्यानंही एक जुनं मशीन घेतलं आहे, पण प्रिंटर वेगळ्या जातीचा आहे. मी म्हटलं, "आमचं पत्रक तुम्ही छापलं नाही."

"नाही छापलं," तो म्हणाला. "मले माहीत आहे तुम्ही मले काय समजता. आताही कोणी वर्दीवाला दुकानासमोर उभा राहिला तर भेव वाटतेच. खोटं काय सांगू?"

माझ्याकडे त्याच्यासाठी एक संपूर्ण भाषण तयार होतं. मी ते इतके दिवस जपून ठेवलं होतं. उघडलं तर त्यात काही दम राहिला नव्हता. समोर एक चपला काढून आलेला माणूस होता, घाबरट होता, आणि मागायला आला होता. मला अनसूयाबाई दिसली, मागाच्या पलीकडे खाली मान घालून गाठी मारणारी. मी खुर्ची सरकवली. "बसा," म्हटलं.

तू गेल्यानंतर मशीन पहिल्यांदाच चालू केलं. ते कुरकुरलं, बराच वेळ काळं राहिलं, मग आलं. मी पहिलं पान उघडलं. ती ओळ तिथे नव्हती. शेवटची पाळी तुझी होती, आता माझी. मी 'आणि' एवढं टाईप केलं आणि हात थांबला. आता मी ती ओळ घातली तर ती कायमची राहील. काढायला कोणी नाही. मी वाद जिंकेन, तो तू उठून येऊ शकत नाहीस म्हणून. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर आहे. तू चूक होतास, आणि समोर असतास तर मी उद्या पुन्हा ती ओळ घातली असती. पण समोर असतास तर. मी ते 'आणि' पुसलं.

मग बबनरावासाठी कोरं पान काढलं, मराठीतलं, ती ओळ नसलेलं जुनं छापील पान त्याच्यासमोर ठेवलं आणि तुझी अट सांगितली. त्यानं हूं की चूं केलं नाही. एका बोटानं एकेक अक्षर शोधत तो टाईप करू लागला. जुळाऱ्यांच्या संगतीत आयुष्य गेलेला माणूस. प्रत्येक अक्षर उचलून ठेवल्यासारखं करत होता. 'हे घ्या.' मग बराच वेळ शोध. 'वापरा.' मी शेजारी बसून वाचून दाखवत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी तुझ्यासारखी वाचते आहे, पूर्णविरामसुद्धा मोठ्यानं.

त्या विद्यार्थ्याचं नाव टाईप झालं तसा तो थांबला. छापील पान उलटून मागे बघितलं.

"ताई, मोरूभाऊचं नाव कुठं आहे?"

"टाकलेलं नाही."

"काहून?"

मी त्याला पत्रकांची पद्धत सांगितली. माणसाचं नाव नसतं, काम असतं. बोलताना माझाच आवाज मला भिंतीवर चिकटवल्यासारखा वाटला. बबनरावानं ते सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या पत्रकाचं मले समजत नाही," तो म्हणाला. "पण पत्रिकेत नाव नसलं तर माणसाले समजत नाही, कोणाच्या घरी जायचं आहे. उद्या माझ्याकडून कोणी हे घेऊन गेला, त्याचं कुठं अडलं, तर त्यानं कोणाले विचारायचं? मेलेला असला म्हणून काय झालं. घर तर समजलं पाहिजे."

मी 'नको' म्हणाले नाही एवढंच. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, पुढच्या ओळीवर गेला आणि विचारलं, "काय लिहू? जोडणारा?"

"जोडणी," मी म्हटलं.

तो 'जोडणी' लिहू लागला. मग 'मोरेश्वर'. 'श्व' त्याला सापडेना, तो मी दाखवला. मग त्यानं आपल्या मनानं पुढे 'उमरेडवाले' असं लिहिलं. त्याचं बोट शेवटच्या अक्षरावर होतं आणि खाली पट्टा सारखा केल्याचा आवाज आला. गहू ओतले गेले. काहीच सेव्ह झालेलं नव्हतं. पडद्यावर तुझं नाव पहिल्यांदा होतं, हिरव्या अक्षरांत, वरच्या मात्रा शाबूत.

"करू का जी चालू?" देवरावजींनी विचारलं, आणि नेहमीप्रमाणे खाकरले.

गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मोटर फिरली असती, व्होल्टेज उतरलं असतं, पडदा काळा झाला असता, आणि नाव न टाकायची पद्धत आपोआप पाळली गेली असती. मला कोणाला काही उत्तर द्यावं लागलं नसतं.

मी उठून जिन्यापर्यंत गेले.

"थांबा जी," मी वरून ओरडले. "सेव्ह करून राहिली."

मग टेबलापाशी परत येऊन कळ दाबली, आणि फ्लॉपी कुरकुरली.